दापोलीच्या किनाऱ्यावरील प्रशिक्षक कार्यशाळा : एका अमेरिकी कारकिर्दीचा अभ्यास आपल्या मैदानांना कितपत उपयोगी?

दापोली तालुक्यात मुरूडच्या किनाऱ्यालगत एका नारळी-पोफळीच्या वाडीत दर हिवाळ्यात क्रीडा-प्रशिक्षकांसाठी निवासी कार्यशाळा भरते. कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल शिकवणारे शाळांमधील शिक्षक आणि गावोगावच्या मंडळांचे प्रशिक्षक यांच्यासाठी ती आहे. निवास-भोजनासह साडेतीन हजार रुपये शुल्क आहे. गुरुवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी दुपारच्या जेवणाने ती संपते. माध्यमिक शाळेत शिकवत असताना गावच्या कबड्डी मंडळाची जबाबदारीही सांभाळणारा प्रशिक्षक म्हणून मी यंदा तिला गेलो होतो. जाऊ इच्छिणाऱ्यांना निर्णय घेणे सोपे व्हावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

या कार्यशाळेचे वेगळेपण असे की तिचा निम्म्याहून अधिक वेळ आपल्याकडे फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका माणसाच्या कारकिर्दीला दिलेला आहे. बिल स्नायडर हे अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. कोकणातल्या कबड्डी प्रशिक्षकाने अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा अभ्यास का करावा, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी अनेकांनी विचारला आणि तो रास्तही होता. त्याचे उत्तर मात्र शनिवारी दुपारपर्यंत बहुतेकांना मिळाले, असे मला वाटते.

खेळाचे नियम मुख्य मार्गदर्शकांनी अर्ध्या तासात आटोपले. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि ते फसले की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. यापेक्षा अधिक तपशिलात ते शिरले नाहीत, हे उत्तम झाले. कॉलेज फुटबॉलमधील मुख्य प्रशिक्षकाचे काम काय असते, हे मात्र त्यांनी सावकाश आणि नीट उलगडले. तिथला मुख्य प्रशिक्षक केवळ सराव घेत नाही. गावोगाव फिरून, घरी जाऊन, आई-वडिलांशी बोलून तो शाळकरी मुलांना आपल्या विद्यापीठात आणतो, आणि आक्रमण व बचाव यांसाठी वेगवेगळे साहाय्यक नेमून त्यांच्याकडून काम करून घेतो. खेळाडू त्याच्याकडे फार तर चार-पाच वर्षे असतात, म्हणजे दर काही वर्षांनी त्याला संघ जवळजवळ नव्याने उभा करावा लागतो. दहावी-बारावी झाली की पोरगा मुंबईला नोकरीला जाणार, हे ज्याला दरवर्षी सोसावे लागते, त्या कोकणातल्या प्रशिक्षकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

कार्यशाळेचे खरे बळ स्नायडर यांची कारकीर्द मांडण्याच्या पद्धतीत आहे. सभागृहाच्या एका भिंतीवर सत्तावीस कागदी पट्ट्या लावलेल्या होत्या : १९८९ ते २००५ चे सतरा हंगाम आणि २००९ ते २०१८ चे दहा. प्रत्येक पट्टीवर त्या हंगामाचे जय-पराजय लिहून ते दुसऱ्या कागदाने झाकले होते आणि मार्गदर्शक एकेक पट्टी उघडत पुढे जात होते. त्याआधी त्यांनी संघाची जुनी अवस्था सांगितली. स्नायडर यांना १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये नेमले गेले, तेव्हा ते ४९ वर्षांचे होते आणि त्याआधीची दहा वर्षे आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाची बाजू पाहत होते. कॅन्सस स्टेटच्या खात्यावर त्या वेळी पाचशेहून अधिक पराभव जमा होते. १९८७ मध्ये संघाने एकही सामना जिंकला नव्हता, १९८८ मध्येही नाही, आणि सलग २७ सामने त्यांना विजय मिळाला नव्हता. हंगामाअखेरीच्या निमंत्रितांच्या सामन्यात, ज्याला तिथे बाउल म्हणतात, हा संघ तोवर एकदाच, १९८२ मध्ये, पोहोचला होता आणि तिथेही हरला होता. विद्यापीठ होते मॅनहॅटन नावाच्या छोट्या गावात. न्यूयॉर्कच्या त्या नामवंत भागाशी या गावाचा काही संबंध नाही. ते कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांच्या प्रदेशात वसलेले आहे.

मग पट्ट्या उघडू लागल्या. १९८९ मध्ये एक विजय आणि दहा पराभव. तो एकमेव विजय सप्टेंबरअखेरीस नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या डावात मिळाला, आणि त्यासोबत विजयाविना गेलेल्या सलग तीस सामन्यांची मालिका थांबली. १९९० मध्ये पाच विजय आणि सहा पराभव, १९९१ मध्ये सात आणि चार, १९९२ मध्ये पुन्हा पाच आणि सहा. इथे मार्गदर्शक थांबले आणि त्यांनी विचारले, "चार वर्षांत अठरा विजय आणि सव्वीस पराभव. हा प्रशिक्षक तुमच्या मंडळात असता, तर पाचव्या वर्षी तुम्ही त्याला ठेवला असता का? ठेवला नसता, त्यांनी हात वर करा." खोलीतले बहुसंख्य हात वर गेले. त्यात मंडळांचे अध्यक्ष होते, मुख्याध्यापकही होते. त्यानंतर १९९३ ची पट्टी उघडली : नऊ विजय, दोन पराभव, एक बरोबरी, आणि शेवटी कॉपर बाउलमध्ये वायोमिंगवर ५२-१७ असा विजय. कॅन्सस स्टेटच्या इतिहासातला हा पहिला बाउल-विजय होता.

ज्यांनी हात वर केले होते, त्यांच्यापैकी कुणीही त्यानंतर बराच वेळ बोलले नाही. प्रशिक्षकाची कारकीर्द म्हणजे त्याच्या अंगच्या गुणांची कथा, असे आपण समजतो. ती त्याला मिळालेल्या वर्षांचीही कथा असते, हे इतक्या थेटपणे मांडलेले मी तोवर पाहिले नव्हते. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षकाची बदली होते, मंडळाची कार्यकारिणी बदलते, आणि तालुका स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलो की पुढच्या वर्षी दुसरा माणूस आणला जातो. अमेरिकेतही सगळीकडे सबुरी आहे, असे अजिबात नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना करार संपण्याआधीच काढले आणि त्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे अंगावर घेतले. म्हणून कॅन्सस स्टेटने स्नायडर यांना दिलेली चार वर्षे अधिकच अभ्यासण्याजोगी ठरतात. या एका सत्रासाठीसुद्धा शुल्क वसूल झाले, असे मी म्हणेन.

पुढचे सत्र खेळाडू मिळवण्याविषयी होते आणि तेही भरीव झाले. नामांकित विद्यापीठे ज्या मुलांच्या घरी जात, त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, हे ओळखून स्नायडर यांनी दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयांतून खेळाडू आणले. कुणाचे गुण कमी पडलेले, कुणाकडे आधी दुर्लक्ष झालेले, अशी ही मुले. टेक्सासमधील ब्लिन या अशाच एका महाविद्यालयातून आलेल्या मायकेल बिशपने १९९८ मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, म्हणून संघ चालवला आणि हाइझमन या सर्वोच्च वैयक्तिक पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. त्या हंगामात संघाने पहिले अकराही सामने जिंकले. १९६८ नंतर एकदाही न हरवता आलेल्या नेब्रास्कालाही त्यांनी ४०-३० असे हरवले. याला जोडून कार्यशाळेत आपल्याकडच्या शोधमोहिमेचा एक कच्चा आराखडा देण्यात आला. आंबा-काजूच्या हंगामी कामावर जाणारी, शाळा सुटलेली, पण शिमग्यानंतरच्या रात्रीच्या स्पर्धांत खेळणारी मुले हेरा, असे त्यात सांगितले होते. सूचना चांगली आहे. तरी इथे एक फरक लपून राहिला. कॅन्सस स्टेट त्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ शकत होते, म्हणजे शिक्षण, निवास आणि जेवणाची सोय करू शकत होते. गावचे मंडळ त्याला फार तर बूट आणि जर्सी देईल, आणि बुटांसाठीही वर्गणी काढावी लागते. त्या मुलाची रोजची मजुरी बुडते, तिचे काय करायचे, हा प्रश्न आराखड्यात कुठेच नव्हता.

सर्वांत प्रामाणिक चर्चा १९९८ च्या पट्टीवर झाली. स्नायडर सुरुवातीपासून हंगामाच्या प्रारंभी मुद्दाम सोपे प्रतिस्पर्धी ठरवत. हरण्याची सवय जडलेल्या मुलांना आधी जिंकण्याची सवय लागावी, हा त्यामागचा विचार. त्याबद्दल त्यांच्यावर टीका होत असे. त्या डिसेंबरमध्ये बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठांच्या गटाच्या, ज्याला तिथे कॉन्फरन्स म्हणतात, अंतिम सामन्यात संघ टेक्सास ए अँड एमकडून दोन जादा डावांनंतर ३६-३३ असा हरला. राष्ट्रीय क्रमवारीत तिसरा क्रमांक असूनही मोठ्या बाउलच्या आयोजकांनी त्याला वगळले आणि त्याच्या खालच्या क्रमांकांचे संघ घेतले. निवडीचे नियम त्यानंतर बदलण्यात आले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला जागेची हमी मिळाली. मार्गदर्शकांनी ही बाजू झाकली नाही. सोप्या स्पर्धा निवडून संघ उभा राहतो खरा, पण त्या निवडीची किंमतही मोजावी लागते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

यावर आमच्यात जोरदार वाद झाला. चिपळूणकडचे एक प्रशिक्षक म्हणाले की नवख्या संघाला घेऊन थेट जिल्हास्तरावर जाणे म्हणजे पोरांचा आत्मविश्वास मारणे. राजापूरच्या एका बाईंचे म्हणणे होते की दोन-तीन लोण बसल्याशिवाय कोपरारक्षकाला पाय कुठे आणि केव्हा धरायचा हे कळतच नाही. माझे स्वतःचे मत बाईंच्या बाजूचे आहे, पण पहिल्या वर्षापुरते नाही. पहिला हंगाम वाडी-वाडीच्या स्पर्धांत काढावा आणि दुसऱ्या वर्षापासून दर महिन्याला निदान एक सामना आपल्याहून वरचढ संघाशी ठेवावा, असे मी आमच्या मंडळाला सुचवले आहे.

शुक्रवारी दुपारी जमिनीवर खाकी कागदाची लांब गुंडाळी पसरून प्रत्येकाला आपापल्या संघाची गेली पाच वर्षे लिहायला सांगण्यात आले : किती सामने, किती विजय, कोणते खेळाडू आले, कोणते गेले आणि का गेले. शेजारच्या हर्णै बंदरावरून आलेल्या प्रशिक्षकांनी आपल्या रकान्यात महिने लिहिले आणि जून-जुलैच्या जागी पेन्सिलीने मोठा चौकोन काढला. मार्गदर्शकांनी विचारल्यावर ते म्हणाले, "सर, पोरं हातात असतात तेव्हा मैदान नसतं, आणि मैदान असतं तेव्हा पोरं दर्यावर." मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, तेवढेच दोन महिने तांडेल आणि खलाशी घरी असतात, आणि नेमक्या तेव्हाच पावसाने मैदानाचा चिखल झालेला असतो. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा समुद्रात जातात. मार्गदर्शकांनी हे फळ्यावर लिहून घेतले, पण त्यावर काही सांगितले नाही, आणि पुढच्या संघाकडे वळले. मला हे खटकले. कारण याचे उत्तर स्नायडर यांच्याच कामाच्या पद्धतीत शोधता आले असते. सरावाचा प्रत्येक मिनिट आधी कागदावर आखणे, आणि मैदानाबाहेरच्या वेळात चित्रफिती पाहून समोरच्याच्या सवयी टिपणे, ही कॉलेज फुटबॉलमधील प्रशिक्षकाची रोजची रीत आहे. मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत मॅट नसतानाही पायांची हालचाल, साखळीची जागा आणि तिसऱ्या चढाईचे डावपेच शिकवता येतात. त्या दोन महिन्यांचे वेळापत्रक तिथेच, सर्वांसमोर, करून दाखवायला हवे होते.

शनिवारी संध्याकाळचे सत्र जॉन गॅग्लियार्डी या दुसऱ्या प्रशिक्षकावर होते. ते छोटे असूनही मला मोलाचे वाटले. मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठात त्यांनी १९५३ ते २०१२ एवढी वर्षे काढली आणि एकूण ४८९ विजय मिळवले. कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाचा हा विक्रम आहे. ते सरावात एकमेकांना पाडू देत नसत. अंगावर आदळून खाली पाडणे हा ज्या खेळाचा गाभा आहे, त्याच्या सरावात ते वर्ज्य! आमच्याकडे पकडीचा सराव म्हणजे पूर्ण जोर लावून आपटणे, अशीच समजूत आहे, आणि जांभ्याच्या कडक जमिनीवर दर हंगामात घोटे आणि गुडघे जातात ते बहुतेक सरावातच. त्यानंतर मैदानावर घेतलेल्या तासात घोट्याची पकड केवळ जागा, वेळ आणि हाताची मिठी एवढ्यावर बसवून दाखवली, आणि चढाईपटूला खाली न पाडता थांबवले. असे तास आणखी हवे होते. एकूण वेळापत्रकात मैदानाला फारच थोडा वाटा आहे आणि जो आहे तो सगळा मॅटवर आहे; ज्यांच्या गावात फक्त माती आहे, त्यांच्यासाठी वेगळा तास नाही.

वाटण्यात आलेल्या साहित्याचा दर्जा समान नाही. हंगामवार तक्ता आणि मिनिटवार सरावाचा नमुना हे दोन कागद उत्कृष्ट आहेत. मी ते शाळेच्या क्रीडा-कक्षात लावले आहेत. स्नायडर यांनी खेळाडूंसमोर ठेवलेल्या सोळा उद्दिष्टांचा रंगीत तक्ताही दिला जातो : बांधिलकी, एकी, रोजची सुधारणा, चुका कमी करणे, सातत्य वगैरे. असे तक्ते आपल्या प्रत्येक शाळेत आधीपासून टांगलेले आहेत आणि त्यांनी काही घडत नाही. ती उद्दिष्टे त्यांच्या संघात कशी मोजली जात, कोण मोजत असे, हे सांगितले असते तर त्या कागदाला किंमत आली असती. साहाय्यकांच्या विषयाकडेही झालेले दुर्लक्ष योग्य नाही. बॉब स्टूप्स यांनी स्नायडर यांच्या हाताखाली बचाव सांभाळला आणि पुढे ओक्लाहोमाला २००० चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ब्रेंट व्हेनेबल्स हेही तिथेच घडले आणि आज ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. माणसे घडवून ती दुसऱ्यांना देण्याची ही बाजू एका वाक्यात संपली. वास्तविक एकट्याने संघ चालवणाऱ्या गावच्या प्रशिक्षकाला सर्वांत जास्त गरज असते ती हाताखाली एक-दोन माणसे तयार करण्याची.

माझी सर्वांत गंभीर तक्रार मात्र वेगळी आहे. संपूर्ण कार्यशाळेत मुलींच्या संघांविषयी एकही सत्र नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यात शाळाशाळांतून मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ आहेत. मुलींना सरावाला थांबवायचे तर एसटीची शेवटची गाडी, घरची कामे आणि पालकांची परवानगी या सगळ्यांचा हिशोब करावा लागतो. आलेल्या प्रशिक्षकांत महिला होत्या आणि त्यांनी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा तो वेळेअभावी बाजूला ठेवला गेला. आयोजकांनी पुढच्या वर्षी निदान अर्धा दिवस यासाठी द्यावा.

व्यवस्था साधी आणि स्वच्छ आहे. राहायला वाडीतल्या घरांमधून सोय आहे, पहाटे बंबाचे गरम पाणी मिळते. सकाळी घावणे आणि ओल्या नारळाची चटणी, दुपारी भात, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी, शाकाहारी मंडळींना कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी. जेवणाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. सभागृहात आवाज घुमतो आणि मागच्या रांगेत निम्मे ऐकू येत नाही, तेव्हा पुढे बसावे. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरून एसटीने दापोली गाठावी. संध्याकाळी उशिरा मुरूडकडे जाणारी वाहने कमी असतात.

शेवटच्या सकाळी उरलेल्या पट्ट्या उघडल्या गेल्या. २००३ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाला ३५-७ असे हरवून कॅन्सस स्टेटने १९३४ नंतरचे पहिले कॉन्फरन्स विजेतेपद मिळवले. पुढचे दोन्ही हंगाम पराभवाचे गेले आणि २००५ अखेर स्नायडर निवृत्त झाले. स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचे नाव देण्यात आले. नंतरच्या तीन वर्षांत रॉन प्रिन्स यांच्याकडे संघ होता, १७ विजय आणि २० पराभव झाले, आणि विद्यापीठाने ६९ वर्षांच्या स्नायडर यांना परत बोलावले. परतल्यावर पहिल्या वर्षी सहा-सहा. २०१२ मध्ये अकरा विजय आणि कॉन्फरन्सचे संयुक्त विजेतेपद. २०१५ मध्ये, अजून प्रशिक्षक असतानाच, कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड. २०१७ मध्ये घशाच्या कर्करोगावर उपचार घेऊनही तो हंगाम त्यांनी पूर्ण केला. २०१८ चा शेवटचा हंगाम पाच-सात असा गेला. एकूण २१५ विजय, ११७ पराभव आणि एक बरोबरी.

ही कार्यशाळा नव्याने संघ हाती घेतलेल्यांनी जरूर करावी. त्याहून अधिक आग्रहाने मी सांगेन की प्रशिक्षकासोबत मंडळाच्या अध्यक्षांनी किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनीही शुल्क भरून यावे, कारण भिंतीवरच्या पहिल्या चार पट्ट्या ज्यांनी पाहायला हव्यात ती माणसे हीच आहेत. जाताना गेल्या पाच वर्षांच्या निकालांची आणि सोडून गेलेल्या खेळाडूंची नोंद घरूनच लिहून न्यावी. तिथे आठवून लिहिताना वर्षे मागेपुढे होतात आणि शुक्रवारची अर्धी दुपार त्यातच जाते.